अशील कोण?

डिसेंबर १८३३. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’चे अध्यक्ष निकोलस बिडल यांना लिहिलं, की आपली नेहमीची वकिली फी या वेळी आलेली नाही, संबंध राखायचे असतील तर ती पाठवावी. अमेरिकेचे अध्यक्ष जॅक्सन यांनी सरकारी ठेवी बँकेतून हलवल्या होत्या, आणि त्यावरून सिनेटमध्ये रण माजलं होतं. त्याच सिनेटमध्ये वेबस्टर बँकेच्या बाजूने उभे!

तेव्हा याला मनाई नव्हती. सुप्रीम कोर्टही कॅपिटॉलमध्येच, सिनेटच्या खालच्या मजल्यावर भरायचं. वेबस्टर खाली अशिलासाठी बोलत, वर जनतेसाठी. १८१८ मध्ये डार्टमथ कॉलेजची बाजू त्यांनी या कोर्टात मांडली आणि पुढच्या वर्षी जिंकली. सरकारी अतिक्रमणापासून आपलं कॉलेज वाचवणारा हा वकील मला मनापासून आवडतो.

अशिलाचं म्हणणं खरं की खोटं, हे वकिलाने ठरवायचं नसतं. ते जास्तीत जास्त जोरकसपणे मांडायचं असतं. कोर्टात हे चालतं, कारण समोर दुसरा वकील असतो आणि निकाल तिसराच देतो. कायदेमंडळात मात्र बाजू मांडणाराच मत देतो. म्हणजे वकीलही तोच, न्यायाधीशांपैकी एकही तोच.

१८२४ मध्ये वेबस्टर संरक्षक जकातीच्या विरोधात बोलले. १८२८ मध्ये त्यांनी वाढीव जकातीला मत दिलं. तोवर न्यू इंग्लंडचा पैसा जहाजांकडून गिरण्यांकडे वळला होता. अशिलाचं हित बदललं, कैफियत बदलली. याला कुणी लबाडी म्हणेल. मला ते धंद्याचं इमान वाटतं, फक्त चुकीच्या जागी पाळलेलं.

१८३० मध्ये सिनेटमध्ये राज्यांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या हेन यांना उत्तर देताना त्यांना फी न देणारं अशील मिळालं: संघराज्य. तिथे ते सर्वांत उंच दिसतात. पण १८५० मध्ये ७ मार्चला याच अशिलाला वाचवण्यासाठी त्यांनी गुलामीच्या प्रश्नावरची उत्तर-दक्षिण तडजोड उचलून धरली, आणि पळालेले गुलाम परत मिळावेत ही दक्षिणेची मागणी रास्त ठरवली. मॅसॅच्युसेट्समधले गुलामीविरोधक खवळले. सप्टेंबरात त्या मागणीचा कायदा झाला. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःची साक्षही देता येणार नाही. परत धाडलं तर कमिशनरला १० डॉलर, सोडलं तर ५. तोवर परराष्ट्रमंत्री झालेले वेबस्टर अंमलबजावणीसाठी हटून बसले.