पृथक्करण आणि पंक्तिभेद

'विवेक' हा शब्द आपण आज शहाणपण ह्या अर्थीं योजतों. परंतु त्याच्या मुळाशीं असलेल्या धातूचा अर्थ नुसतें वेगळें करणें एवढाच आहे. वेगळें करण्याच्या क्रियेसच शहाणपणाचें नांव मिळावें, ह्यावरून आपल्या पूर्वजांनीं तिला केवढा मान दिला हें उघड होतें. मात्र ह्या मानाबरोबर आणखी एक गोष्ट नकळत आंत आली आहे. नीरक्षीरविवेक करणारा हंस दूध घेतो आणि पाणी सोडून देतो. सूप हालविणारी बाई दाणा राखते आणि फोल उडवून देते. आपले बहुतेक दृष्टांत असेच आहेत. त्यांत भेद पाहणें आणि श्रेष्ठकनिष्ठ ठरविणें ह्या दोन क्रिया एका हातानें, एकाच वेळीं होतात. आणि त्या दोन आहेत हेंच आपण विसरून जातों.

जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंतील पृथक्करण ह्या बाबतींत अगदीं निराळें आहे. मिश्रणांतील प्रत्येक घटक कोठवर गेला एवढेंच तें दाखवितें. पुढें गेलेला थोर आणि मागें राहिलेला हीन, असें त्यास म्हणावयाचें नसतें. असें असतां, ह्याच निर्विकार रीतीनें केलेल्या एका पृथक्करणाच्या आधारें माणसामाणसांत पंक्तिभेद करण्याचे प्रकार विसाव्या शतकांत घडले. तेव्हां 'हें निराळें आहे' ह्या वाक्याचें 'हें उणें आहे' असें भाषांतर कोणत्या टप्प्यावर होतें, व त्याची जबाबदारी पृथक्करण करणाराकडे कितपत येते, ह्याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों. आम्ही तर्कशास्त्राचे अध्यापक. काचपात्रांशीं आमचा संबंध केवळ शेजाऱ्याचा. पण हा प्रश्न प्रयोगशाळेच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचा आहे.

प्रथम रीति समजून घेऊं. मिखाइल त्स्वेत ह्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें 1903 सालीं वॉर्सा येथें आपली युक्ति मांडली. (त्याच्या आडनांवाचा रशियन भाषेंत 'रंग' असा अर्थ होतो, हा योगायोग मौजेचा खरा.) खडूची पूड घट्ट भरलेल्या काचेच्या नळीवर त्यानें पानांचा अर्क ओतला आणि वरून द्रावक सोडीत राहिला. अर्कांतील जें द्रव्य खडूला अधिक बिलगतें तें मागें रेंगाळतें, जें कमी बिलगतें तें द्रावकाबरोबर खालीं वाहत जातें. आणि जो अर्क डोळ्यांस एकजिनसी हिरवा दिसत होता त्याचे हिरवे, पिवळे असे स्वतंत्र पट्टे नळींत उभे राहतात. 1906 मध्यें त्यानें ह्या रीतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, हें नांव दिलें. रसायनशास्त्रज्ञांनीं मात्र तिच्याकडे दीर्घ काळ संशयानें पाहिलें. 1931 च्या सुमारास हायडेलबर्ग येथें तिचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां त्स्वेत मरण पावून बारा वर्षें लोटलीं होतीं.

तो संशय तुच्छ मानण्यासारखा नव्हता. पट्टे मुळांत अर्कांत होते, कीं खडूनेंच ते निर्माण केले? भेद वस्तूंत असतो कीं पाहणाराच्या साधनांत, हा दर्शनांतला जुना वादच येथें नळीच्या रूपानें उभा राहिला होता. प्रयोगशाळेनें त्यास दिलेलें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें. एक पट्टा बाजूस काढून नव्या नळींत घाला. तो न फुटतां एकच राहिला, भरण आणि द्रावक बदलूनहि एकच राहिला, तर भेद वस्तूंतला मानावयास आधार मिळतो. एका साक्षीवर निकाल नाहीं. ह्या नियमाची गरज पुढें पडणार आहे.

दुसरी रीति इलेक्ट्रोफोरेसिसची. प्रथिनांच्या रेणूंवर विद्युद्भार असतो आणि तो सभोंवारच्या द्रावणाच्या आम्लतेप्रमाणें बदलतो. अशा द्रावणांतून वीज सोडली म्हणजे रेणू आपापल्या भाराप्रमाणें कमीअधिक वेगानें सरकूं लागतात. स्वीडनमधील उप्साला येथील आर्ने टिसेलियस ह्यानें 1937 सालीं पुढें आणलेल्या यंत्रानें रक्तद्रवांतील प्रथिनांचे गट अलग दिसूं लागले, व 1948 चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. यंत्र अवजड होतें. पुढें 1955 मध्यें टोरंटो येथें ऑलिव्हर स्मिथीज ह्यानें बटाट्याच्या पिठाची खळ, आपल्याकडे परीट कपड्यांस घालतात त्याच जातीची, गोठवून तिच्या थरांत हेंच काम करून दाखविलें, आणि पृथक्करण साध्या टेबलावर आलें. आतां एका थरावर शेजारींशेजारीं अनेक माणसांच्या रक्ताचे नमुने ठेवतां येतात; प्रत्येकाची आपली पंक्ति.

आमच्या मुख्य उदाहरणाचा आरंभ 1910 मधला आहे. त्या वर्षीं शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनीं एका रुग्णाच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. हाच सिकलसेल. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लौकर नाश पावतात, आणि रुग्णास असह्य वेदनांचे झटके व जन्मभराचा रक्तक्षय सोसावा लागतो. 1949 सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे तीन सहकारी ह्यांनीं रुग्णांचें हिमोग्लोबिन टिसेलियसच्या रीतीनें तपासलें, तेव्हां तें निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनाहून निराळ्या वेगानें सरकत असल्याचें दिसलें. रोगाचें मूळ एका रेणूच्या भारांत सांपडलें. आपल्या निबंधाच्या शीर्षकांतच त्यांनीं ह्यास 'रेणूचा रोग' म्हटलें. पुढें 1956-57 मध्यें केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम ह्यानें हिमोग्लोबिनाचे तुकडे करून ते कागदावर एका दिशेनें विजेनें व दुसऱ्या दिशेनें द्रावकानें पसरले. सुमारें तीस ठिपक्यांपैकीं एकच आपली जागा सोडून बसला होता. ज्या साखळींत 146 अमिनो आम्लें ओंवलेलीं असतात, तिच्यांतील सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन आलेलें होतें. एवढ्यानें सारें घडतें!

ह्याच पृथक्करणांत तिसरा एक मनुष्य दिसला. आईबापांपैकीं एकाकडूनच हा दोष आलेल्या माणसाच्या रक्तांत दोन्ही प्रकारचीं हिमोग्लोबिनें आढळतात. जेलवर त्याच्या पंक्तींत दोन पट्टे उमटतात. डोळा लगेच म्हणतो, हा अर्धा रोगी. पण तो सामान्यतः निरोगी असतो. इतकेंच नव्हे, तर 1954 सालीं अँथनी ॲलिसन ह्यांनीं पूर्व आफ्रिकेंत दाखविल्याप्रमाणें हिंवतापापासून त्याला कांहींसें संरक्षणहि मिळतें. जेलवरचा मध्यबिंदु हा जीवनांतला मध्यबिंदु नव्हे. आमच्या मतें 'निराळें' ह्याचें 'उणें' होतें तें नेमकें ह्या ठिकाणीं: चित्रावरील स्थानाला माणसाचें स्थान समजण्यांत.

ही चूक अडाण्यांनीं केली असती तर लिहिण्याचें कारण नव्हतें. 1968 सालीं स्वतः पॉलिंग ह्यांनीं एका कायदेविषयक नियतकालिकांत असें सुचविलें कीं, ज्यांच्या अंगीं हा दोष एकेरी आहे अशा प्रत्येक तरुणाच्या कपाळावर त्याची खूण गोंदावी, म्हणजे असे दोघे एकमेकांच्या प्रेमांत पडणार नाहींत. हा मनुष्य दुष्ट नव्हता. अण्वस्त्रांच्या चांचण्यांविरुद्ध झगडून त्यानें 1962 चें शांततेचें नोबेल मिळविलें होतें, आणि मुलांचे हाल टळावे हाच येथेंहि त्याचा हेतु होता. पण ज्याचे पूर्वज डाग देऊन गुलाम म्हणून विकले गेले, त्याच्याच कपाळावर नवी खूण उमटवूं पाहणारी ही दया आम्हांस क्रौर्याहून फार दूर वाटत नाहीं. खूण कोणी गोंदली नाहीं. परंतु 1970 नंतर अमेरिकेंतील कांहीं राज्यांनीं सक्तीच्या तपासणीचे कायदे केले, वाहक कोण व रोगी कोण हें कित्येकदां नीट सांगितलेंहि गेलें नाहीं, आणि तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीचें दार वाहकांस 1981 पर्यंत बंद राहिलें.

येथें नेहमींचा युक्तिवाद पुढें येतो: शास्त्र निर्दोष आहे, उपयोग सदोष. आम्हांस तो अर्धाच मान्य आहे. विजेला वा खळीला दोष देणें हास्यास्पद होय. पण कोणाचें रक्त, कोणत्या प्रश्नासाठीं, कोणत्या माध्यमांत तपासावें हें वीज ठरवीत नाहीं. शिवाय रीतींतच असलेला नियम मोडल्यावांचून पंक्तिभेद उभा राहत नाहीं. 1951 मध्यें हार्वे इटानो ह्यांना, जे पॉलिंग ह्यांच्याच निबंधाचे सहलेखक होते, 'डी' नांवाचें हिमोग्लोबिन सांपडलें. क्षारधर्मी माध्यमांत तें सिकलसेलच्या 'एस' हिमोग्लोबिनाच्या बरोबरीनें सरकतें, पण त्यानें पेशी विळ्यासारख्या होत नाहींत. त्याचा एक प्रकार पंजाबच्या नांवानेंच ओळखला जातो. तोच नमुना आम्लधर्मी आगरवर चालवा. आतां तो 'एस'ला सोडून निरोगी 'ए'च्या शेजारीं जाऊन बसतो! एका पंक्तींत जो बहिष्कृताच्या पाटावर, तोच दुसरींत यजमानाच्या मांडीला मांडी लावून. ह्यांत रीति खोटी ठरत नाहीं. 'अमुक माध्यमांत, अमुक बाबतींत' ही तिची अट तिनें कधींच लपविलेली नसते. ती अट गाळून उरलेलें वाक्य सांगणारा मनुष्यच खोटें बोलतो. तें सबंध वाक्य सांगणें हें पृथक्करण करणाराचें कर्तव्य आहे, आणि निकाल हातावेगळा केला म्हणून तो त्यांतून सुटत नाहीं.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाहीं. भारतांत 1952 मध्यें निलगिरींतील आदिवासींत ह्या पेशी प्रथम आढळल्या. महाराष्ट्रांत विदर्भ आणि नंदुरबारकडील आदिवासी व दलित समाजांत हा दोष विशेष दिसतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं पंक्तिभेद सोसला त्यांच्याच घरीं हें नवें पृथक्करण जात आहे. 1 जुलै 2023 रोजीं केंद्र सरकारनें मध्य प्रदेशांतील शहडोल येथून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांच्या तपासणीची मोहीम सुरू केली. ती आवश्यक आहे, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो; हें ज्ञान लोकांपासून दडवून ठेवणें हीहि त्यांची अवहेलनाच होय. मात्र स्वस्त विद्राव्यता-चांचणी 'एस' आहे एवढेंच सांगते. वाहक कीं रोगी हें तिला सांगतां येत नाहीं, त्यासाठीं इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची परीक्षा लागते. पहिलीवर थांबून नांवें जाहीर करणें म्हणजे एका साक्षीवर निकाल देणें होय.

'वाहक' हा शब्दहि आम्हांस खटकतो. एस. टी.च्या गाडींत तो निरुपद्रवी आहे. पण आरोग्याच्या भाषेंत आपण तो डांसाला लावतों, आणि ऐकणाराच्या मनांत स्पर्शानें पसरणाऱ्या रोगाची भीति उभी राहते. हा दोष स्पर्शानें जात नाहीं, हें त्या शब्दाबरोबर दर वेळीं सांगावें लागतें. लग्नाच्या बोलण्यांत तें सांगण्यास कोण बसलेला असतो? मुलाचा निकाल बाजूस राहून मुलीचाच तेवढा विचारला जाण्याचा संभव आपल्या समाजांत किती आहे, हें वाचकांस सांगावयास नको.

आणि मोहिमेंत तान्हीं मुलेंहि येतात. रोगी बालकाचें निदान लौकर होणें हिताचें, कारण औषधोपचार तेव्हांपासूनच लागतात. पण जें मूल केवळ वाहक आहे, त्याला ह्या ज्ञानाचा उपयोग वीस वर्षांनीं व्हावयाचा. तोंवर तें ज्ञान आईबाप, शाळा, गांव ह्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं असावें? आमचें मत असें कीं आईबापांपलीकडे तें जाऊं नये, आणि मूल जाणतें झाल्यावर दोन पट्ट्यांचा अर्थ त्याला स्वतःला, त्याच्याच बोलींत, कोणीतरी नीट बसून सांगावा. गडचिरोलींतल्या एखाद्या पाड्यावर हें काम करणारा मनुष्य कोठून आणावयाचा, हा प्रश्न जेल वाचण्याहून पुष्कळ अवघड आहे.