बरणीतला मासा आणि आपली दया

आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात टीव्हीशेजारी एक गोल काचेचे भांडे असेल. त्यात तांब्या-दोन तांबे पाणी, तळाशी निळे खडे आणि झालरीसारख्या शेपटीचा एकच मासा. दुकानदार त्याला फायटर म्हणतो. त्याचे नाव बेट्टा. घेताना आपण एवढेच विचारतो, "याला फार काही लागत नाही ना?" आणि उत्तर येते, "काही नाही हो, बरणीतसुद्धा जगतो."

उत्तर खोटे नाही. पण त्यातल्या 'जगतो' या शब्दापाशी आपण जरा थांबू या.

हा मासा मूळचा थायलंडचा. 2019 मध्ये त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. तिथली भातखाचरे, दलदली, संथ ओहोळ हे त्याचे घर. पाणी उथळ असते, पण दूरवर पसरलेले, उबदार, वनस्पतींनी भरलेले. अशा पाण्यात प्राणवायू कमी पडतो, म्हणून निसर्गाने त्याला पृष्ठभागावर येऊन हवा घेता येईल असे एक खास इंद्रिय दिले आहे. संकटात तग धरण्यासाठी मिळालेली ही देणगी आपण त्याची गरजच कमी आहे असे समजून वापरतो. जो तक्रार करत नाही, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान जागा येते. हे घरातल्या माणसांबाबतही होत असते, पण तो विषय वेगळा.

माझा पहिला मासा मी मनापासून सांभाळला. दर रविवारी भांडे रिकामे करून खडे घासायचे, नळाचे ताजे पाणी भरायचे. दिवसातून चार वेळा दाणे. तो वर येऊन तोंड उघडी, मला वाटे हा मला ओळखतो. चौथ्या महिन्यात शेपटीच्या कडा झिजू लागल्या, मग तो तळाशी पडून राहू लागला, आणि एका सकाळी गेला.

नंतर कळले ते असे. माशाची विष्ठा आणि उरलेले दाणे यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे कमी घातक पदार्थात रूपांतर करतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. मी दर रविवारी तीच वसाहत घासून टाकत होतो आणि वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन देत होतो. त्याचे पोट जेमतेम त्याच्या डोळ्याएवढे, आणि माझे प्रेम दिवसातून चार वेळचे.

मग प्रश्न पडतो, हा दोष कोणाचा? हेतू शुद्ध होता, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगितले. पण ही माहिती मिळवायला अर्धा तास पुरला असता. तेवढा वेळ मी खड्यांचा रंग निवडण्यात घालवला होता. करुणेत जाणून घेण्याचे कष्टही येतात. ते टाळले की उरतो तो आपलाच आनंद. भरवताना नेमके कोण तृप्त होत होते, हे मला तेव्हा दिसले नाही.

आपल्या घरी फायटर असेल, तर त्याला वीसेक लिटरची टाकी द्या. पाणी 24 ते 28 अंशांच्या दरम्यान हवे. उत्तरेकडच्या हिवाळ्यात त्यासाठी छोटा हीटर लागतोच. फिल्टर मंद प्रवाहाचा, कारण त्या लांब पंखांना जोराचा प्रवाह झेपत नाही. सगळे पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला चौथा हिस्सा बदला, तोही क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळा. झाकण ठेवा, तो उडी मारतो, पण खाली हवेला जागा राहू द्या. दोन नर कधीच एकत्र नकोत. आणि पाहुण्यांना तो पंख फुलवून दाखवावा म्हणून आरसा धरू नका. आपल्याला जो नाच वाटतो, ती त्याच्या लेखी शत्रूला दिलेली धमकी असते.

एका गोष्टीचा उलगडा मला अजून होत नाही. दुकानात ओळीने प्लास्टिकच्या पेल्यांत हे मासे ठेवलेले असतात. त्यातला एक मलूल मासा दया येऊन घरी आणावा, तर रिकाम्या जागी उद्या दुसरा पेला येतो. न आणावा, तर हा तिथेच मरतो. मी एकदा आणला आहे, एकदा पाठ फिरवून निघालो आहे, आणि दोन्ही वेळा मन स्वस्थ नव्हते.

मनू आणि माशाची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. इवलासा मासा रक्षण मागतो. मनू त्याला भांड्यात ठेवतो. तो वाढतो, भांडे अपुरे पडते. मनू मोठी जागा देतो, तीही अपुरी पडते, शेवटी समुद्र. आपण ही कथा प्रलयासाठी, नौकेसाठी लक्षात ठेवतो. मला हल्ली तिचा आधीचा भाग आठवतो, मनू दर वेळी भांड्याकडे पाहून उठतो तो.

माझ्या टेबलावर आता एक मोठी टाकी आहे. त्यातला मासा बराच वेळ पानांआड असतो, पाहुण्यांना दिसतही नाही. परवा त्याने एका कोपऱ्यात पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधले.