भोपळ्याची मागची बाजू

मिरजेहून घेतलेली सतार विकायला काढली, तेव्हा तिचे दोष मी स्वतःहून लिहिले. दांडीवर ओरखडे आहेत, पावसाळ्यात दोन खुंट्या फुगून अडकतात, जवारी काढून घ्यावी लागेल. लिहिलं नाही ते एकच: भोपळ्याला मागून केसाएवढी चीर आहे, चिकटवलेली. वाजताना कळत नाही. फोटो मात्र मी सगळे समोरूनच काढले.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का? सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये हाच वाद लिहून ठेवलाय. घर विकताना त्याचे दोष सांगावेत का? डायोजेनिस (पिंपात राहणारा नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. आपला 1872 चा करार कायदा मात्र नुसत्या मौनाला सहसा फसवणूक मानत नाही.

पण माझं मौन नुसतं नव्हतंच. दिसणारे ओरखडे मी सांगितले ते न दिसणारी चीर झाकायला. इतकं सांगणारा माणूस आणखी काय लपवणार! ऑफिसात रिलीजसोबत ‘नोन इश्यूज’ची यादी लिहिताना हीच युक्ती मी कितीदा केलीय.

“दादा, अजून काही आहे का?” सतार बघायला आलेल्या मुलीने विचारलं. कॉलेजात शिकणारी, पहिलीच सतार घेत होती. मी भोपळा फिरवला, मोबाईलचा टॉर्च मारला. तिने चिरेवरून नख फिरवलं आणि दोन हजार कमी केले. मला त्या दोन हजारांचं तेव्हाही वाईट वाटलं.