थापटण्याचा घाव



आपली ही कितवी वारी? कुणी असे विचारले की आपण चटकन आकडा सांगतो. पंचविसावी, तिसावी. सांगताना आवाज किंचित चढतो. तो चढ आपल्याला स्वतःला ऐकू येतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

नामदेवरायांची कथा आपण सारे जाणतो. देव ज्यांच्याशी बोलत होता, त्यांच्याच मस्तकावर गोरोबाकाकांचे थापटणे पडले आणि मडके कच्चे ठरले. राग आला, पण पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांच्या पायाशी तेच नामदेवराय गेले. जो काहीच जाणत नाही त्याने गुरू करावा, हे सोपे आहे. ज्याला सारे मानतात त्याने पुन्हा शिष्य व्हावे, हे कठीण.

याचा एक दाखला फार दूरचा, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावरचा आहे. खेळ आपला नाही, पण माणसाचे मन तेच. टोनी ग्विन हा सॅन डिएगोच्या संघाचा डावखुरा फलंदाज. या खेळात दहा वेळांपैकी तीनदा चेंडू नीट मारला तरी फलंदाज उत्तम समजला जातो. ग्विनने 1989 पर्यंत सरासरीचा पहिला मान चार वेळा मिळवला होता. पुढची चार वर्षे मात्र तो मान आला नाही. तरीही तो नामवंतच होता. कुणापुढे हात जोडायची त्याला गरज नव्हती.

नव्वदच्या दशकात त्याची गाठ टेड विल्यम्स या वयोवृद्ध फलंदाजाशी पडली. 1941 साली .406 सरासरी गाठलेला हा माणूस. त्याने ग्विनच्या नेमक्या उणिवेवर बोट ठेवले : अंगाजवळ येणारा चेंडू तू नुसता ढकलतोस, तो पुढे होऊन जोराने मार. इतकी वर्षे यश देणारी सवय बदलायची, हे काय सोपे? पण ग्विनने ते ऐकले.

1994 मध्ये त्याची सरासरी .394 झाली. त्या वर्षी संपामुळे हंगाम ऑगस्टमध्येच थांबला. मग 1995, 1996, 1997. सलग चार वर्षे पहिला मान त्याचाच. शेवटच्या वेळी तो 37 वर्षांचा होता. ज्या वयात खेळाडू निवृत्तीचा विचार करतो, त्या वयात हा बहर!

आता कुणी म्हणेल, हे एका उपदेशाचे फळ कसे? कष्ट तर त्याचेच. खरे आहे. आपल्या खेळाच्या चित्रफिती पुन्हापुन्हा पाहून चुका शोधणारा म्हणून तो आधीपासूनच प्रसिद्ध होता. शेत नांगरलेले होते, म्हणून बी रुजले. पण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्यानेच पाहून सांगावी लागते. गुरूचे काम एवढेच, आणि शिष्याचे काम ते सहन करण्याचे.

1999 मध्ये बॉस्टनच्या मैदानावर ऐंशी वर्षांचे विल्यम्स पहिला चेंडू टाकायला आले. शरीर थकलेले, दृष्टी मंदावलेली. ते उभे राहिले तेव्हा त्यांना आधार द्यायला शेजारी ग्विन होता. पुढे खेळ सोडल्यावर तो स्वतः ज्या विद्यापीठात शिकला, तिथेच मुलांना शिकवू लागला आणि 2014 मध्ये देह ठेवीपर्यंत शिकवीत राहिला. घेतलेले पुढे दिले. आपण परंपरा म्हणतो ती याहून वेगळी काय असते? मात्र तोंडाच्या कर्करोगाचे कारण तो आपल्या तंबाखूच्या सवयीलाच देत असे. एक सवय सुटली, एक राहिली. मोठ्या माणसातही कच्चा भाग उरतो, हेही त्याच्याकडूनच शिकावे.

माउली, बहर कायम टिकत नाही. खेळाडूचा नाही, गळ्याचा नाही, पखवाजावरच्या बोटांचाही नाही. बहरात असताना कुणी चूक दाखवली तर ती गोड वाटते का, हीच कसोटी. दिंडीत एखादा पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, टाळ पुढे जातोय," तर आपण काय करतो? त्याचे वय मोजतो, की टाळ सावरतो?

आपल्याकडे भेटताक्षणी थोर लहानाच्या पायाला हात लावतो. तो हात लावताना आपले कानही तितकेच खाली वाकावेत, एवढे मागणे पांडुरंगापाशी करू.