उजेड कोणासाठी?

उजेड म्हणजे पुण्य आणि अंधार म्हणजे पाप, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून ठेविली आहे. दिवाळीत तर तिच्याविषयी शंका घेणेही अशुभ वाटते. पण समुद्राच्या पोटात ही वाटणी टिकत नाही.

१९३४ साली विल्यम बीब आणि ओटिस बार्टन हे दोघे पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ ९२३ मीटर खोल उतरले. तेथल्या काळोखात त्यांना जिवंत दिवे हिंडताना दिसले. हजार मीटरांखाली तर सूर्याचा किरण पोचतच नाही. जो उजेड असतो तो प्राण्यांचा स्वतःचा.

तेथे एका माशाची मादी कपाळावरच्या दांडीला दिवा लावून बसते. भुकेला जीव त्या उजेडाकडे येतो आणि तिच्या जबड्यात जातो. थोड्या वरच्या पाण्यात दुसरा एक लहान मासा पोटाखाली दिवे लावतो, ते वरच्या अंधुक प्रकाशात आपली काळी आकृती खालच्या शत्रूला दिसू नये म्हणून! एक कोळंबी तर शत्रूच्या तोंडावर उजेडाची चूळ टाकून पळ काढते.

म्हणजे उजेड फसवितो, लपवितो आणि वाचवितोही. माशाला दोष नाही. त्याला दुसरा दिवा लावता येत नाही. माणसाला येतो. म्हणून कोणाच्या विद्वत्तेचा वा भक्तीचा झगमगाट पाहून हात जोडण्यापूर्वी विचारावे: या उजेडात मला माझी वाट दिसते, की नुसता याचा दिवाच दिसतो? आपल्या दिव्यालाही हेच विचारावे. उंबरठ्यावरची पणती येणाऱ्याला पायरी दाखविते. तिचे मांगल्य तेवढ्यातच आहे.