एका म्यानात दोन तलवारी

पेसाहची साफसफाई करताना परवा खणाच्या तळाशी एक जुनी वस्तू सापडली. तळहाताएवढी, करड्या रंगाची, वर काचेसारखा पडदा आणि खाली चार बटणे. १९९९ साली थोरल्या मुलाने आम्हांला आणून दिलेला तो पामचा ऑर्गनायझर होता. गंमत म्हणून दोन बारीक सेल घालून पाहिले. यंत्र चालू झाले, पण आत एक अक्षरही शिल्लक नव्हते. ज्या वस्तूत आमची बारा-तेरा वर्षे नोंदलेली होती, तिने आम्हांलाच आजची तारीख विचारली! त्या यंत्रांची स्मरणशक्ती सेलवर जगत असे. सेल संपून तसेच राहिले की सगळे पुसले जाई. आम्हांला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. त्या निमित्ताने मनात आलेला प्रश्न वाचकांपुढे मांडावासा वाटतो. दोन वस्तूंची एक वस्तू झाली म्हणजे नुसता खिसा हलका होतो, की माणसाच्या वागण्यातही फरक पडतो?

तरुण वाचकांसाठी आधी त्या काळाची थोडी ओळख करून देणे बरे. इस्राएलात १९८६ साली फिरता फोन आला तो 'पेलेफोन' या कंपनीच्या नावाने. 'पेले' म्हणजे नवल. पुढे ते नवल इतके अंगवळणी पडले, की कुठल्याही कंपनीचा फोन असला तरी आपण त्याला पेलेफोनच म्हणू लागलो. ऑर्गनायझरचे घराणे वेगळे. इंग्लंडच्या सायॉन कंपनीने १९८४ साली पहिला ऑर्गनायझर काढला आणि १९९६ साली अमेरिकेत पाम आला. पामचा जनक जेफ हॉकिन्स याने यंत्र तयार होण्याआधी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता. तो ठोकळा तो बरोबर बाळगी आणि वेळ आली की बाहेर काढून त्यावर लिहिल्याचे सोंग करी. माणसाला खरोखर काय लागते ते त्याला पाहायचे होते. शेवटी त्या यंत्राला चार कामांची चार बटणे ठेवली गेली: तारखा, पत्ते, करायची कामे आणि टिपणे. अक्षरेसुद्धा त्याला समजतील अशीच काढावी लागत. इंग्रजी 'ए'ची मधली आडवी दांडी गाळून नुसता उलटा 'व्ही' काढायचा. आमच्या हाताला ते वळण पडायला महिना लागला.

त्या वेळी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डाच्या मुख्य परिचारिका होतो. उजव्या खिशात ऑर्गनायझर, डाव्या खिशात पेलेफोन. कुणाची पाळी कधी, कुणाला सुट्टी कबूल केली आहे, कुणाच्या घरी मलिदा आहे, आईवडिलांचा यारझाइट कोणत्या दिवशी येतो, हे सगळे उजव्या खिशात. डाव्या खिशातला फोन जगाच्या हातचा होता. जगाला वाटेल तेव्हा तो वाजे. उजवा खिसा मात्र आम्ही सांगून ठेवलेल्या वेळीच वाजे. हा फरक तेव्हा आमच्या लक्षातही आला नव्हता.

दोघांना एकत्र आणण्याची खटपट पुष्कळ आधीपासून चालू होती. १९९४ साली आयबीएमचा 'सायमन' आला, १९९६ साली नोकियाचा 'कम्युनिकेटर', २००३ साली 'ट्रिओ ६००'. मग जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला, तोच मुळी तीन वस्तूंची एक वस्तू म्हणून. २०१० साली पाम कंपनी विकली गेली आणि पुढच्याच वर्षी तिच्या नव्या मालकांनी तिचे फोन बंद केले. आमच्या घरी हा बदल २०१२ साली झाला. मुले म्हणाली, "दोन-दोन ओझी कशाला वाहतेस?" आम्ही दोन्ही खिसे रिकामे केले आणि एकच काच हाती घेतली.

त्या बदलाचे गुण आधी सांगितले पाहिजेत, नाही तर ती कृतघ्नता होईल. दोन ठिकाणी लिहायचे म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवायचे, आणि उतरवताना चूक व्हायचीच. एकदा एका वृद्ध रुग्णाच्या मुलीचा नंबर आम्ही उतरवताना सहाच्या जागी नऊ लिहिला. त्या रात्री रुग्णाची प्रकृती बिघडली आणि मुलीला कळवायला पाऊण तास लागला. ती वेळेवर पोचली म्हणून आम्ही वाचलो. नव्या फोनमध्ये नंबर एकदाच लिहायचा आणि त्यावर बोट ठेवायचे. सेल मेला म्हणून आठवणी मरत नाहीत. त्यांची प्रत दुसरीकडे राहते. 'सोय जाणे तो सोयरा' अशी आपली म्हण आहे. त्या न्यायाने हा फोन सोयराच.

पण गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. आमच्या शेजारी अलिबागकडच्याच एक मावशी राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. मुलगी संध्याकाळी कामावरून येई, म्हणून दुपारी चारचे थेंब आम्ही स्वतःहून अंगावर घेतले. फोनमध्ये घंटा लावून ठेवली. पहिले आठ दिवस ठीक गेले. नवव्या दिवशी चारला घंटा झाली. ती बंद करायला फोन हातात घेतला, तर त्याच काचेवर मुंबईहून भाचीच्या मेंदीचे फोटो आलेले. एक पाहिला, दुसरा पाहिला, आशीर्वादाचे दोन शब्द लिहिले. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर हॉलच्या भाड्यावरून वाद पेटलेला दिसला. तिथेही आम्ही आमचे मत दिलेच! मान वर केली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

धावत गेलो. मावशी खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसल्या होत्या. औषधाची बाटली मुठीत धरलेली. म्हणाल्या, "आता येशील, मग येशील, म्हणून तशीच बसले गो." रागावल्या नाहीत. डोळ्याला काही अपाय झाला नाही. पण चाळीस वर्षे औषधाच्या वेळा पाळण्यात घालवलेल्या बाईला त्या रात्री झोप लागली नाही.

घरी सांगितले तेव्हा यजमान म्हणाले, "यात फोनचा काय दोष? घंटा तर त्याने वेळेवर वाजवली." खरे आहे. चूक आमचीच, आणि ती आम्ही काचेवर ढकलणार नाही. परंतु वॉर्डात आम्ही एक गोष्ट शिकलो. चूक झाली की 'कोणी केली?' एवढे विचारून भागत नाही. 'कोणत्या मांडणीमुळे ती इतकी सोपी झाली?' हेही विचारावे लागते. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाच्या कुप्या पूर्वी वॉर्डाच्या कपाटात इतर साध्या कुप्यांशेजारी असत. थकलेल्या हाताने चुकीची कुपी उचलली, तर रुग्णाचे हृदय थांबू शकते. म्हणून अनेक देशांतील रुग्णालयांनी त्या कुप्या त्या कपाटातून काढून वेगळ्या ठेवल्या. परिचारिकेची जबाबदारी त्यामुळे कमी झाली नाही. पण माणूस चुकतो हे ओळखून केलेली ती व्यवस्था होती, आणि तीत माणसाविषयी दयाही होती.

दुसरे उदाहरण व्यत्ययाचे. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधे देत असताना त्यांचे निरीक्षण केले गेले. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्ये आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. व्यत्यय आणणारा माणूस वाईट नसतो. तो बहुधा चांगल्याच कामासाठी हाक मारतो. तरीही औषध चुकते ते चुकतेच.

इथे आम्हांला आमची रेवदंड्याची आजी आठवते. काही लक्षात ठेवायचे असले की ती पदराला गाठ मारी. आपल्या पुरुषमंडळींच्या तालीतच्या चार टोकांच्या गाठीही पाहून आठवण ठेवण्यासाठीच तर सांगितल्या आहेत. गाठ बोलत नाही, पण दुसरे काही दाखवतही नाही. आजी गाठीकडे पाही तेव्हा तिला फक्त दिलेला शब्द आठवे. आमच्या ऑर्गनायझरचेही तसेच होते. आता मात्र दिलेला शब्द आणि बाहेरची हाक, दोघे एकाच घरात राहायला आले आहेत. शब्द एकदाच वाजतो आणि गप्प बसतो. हाक थांबत नाही. एक संपली की दुसरी येते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. राहिल्याच, तर जिची मूठ वर असते तीच हाताला लागते.

यावर कोणी म्हणेल, मग फोन दूर ठेवा. आपल्यासारख्या देशांतर केलेल्या माणसांना हे सांगणे सोपे नाही. आम्ही १९७८ साली इकडे आलो तेव्हा घरी फोन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, इकडेही आणि मुंबईतही. वडील गेल्याची बातमी आम्हांला पत्राने कळली. तोवर शिवा संपून चार दिवस झाले होते. आज धाकटी बहीण मुंबईला आजारी आहे आणि सकाळी तिचा चेहरा आम्हांला दिसतो. जो वडिलांसाठी तसा झुरला आहे, तो या घंटीला 'कटकट' म्हणणार नाही. शिवाय या देशात क्षेपणास्त्रांचा इशाराही आता याच पेलेफोनवर येतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून कितीतरी रात्री तो उशाशी ठेवून आपण झोपलो. तो दूर ठेवायचा कसा?

त्या रात्रींत आम्हांला १९९१ च्या आखाती युद्धातला 'गल शाकेत' आठवला. इराकची क्षेपणास्त्रे पडत होती तेव्हा रेडिओवर एक मुकी लहर ठेवली होती. रेडिओ रात्रभर चालू ठेवायचा. त्यातून ना बातम्या, ना गाणी. धोका आला तरच भोंगा. अलीकडच्या युद्धातही शब्बाथ पाळणाऱ्या घरांसाठी ती लहर पुन्हा सुरू झाली. मुले कुशीत घेऊन आम्ही त्या मुक्या रेडिओवर विश्वास टाकून झोपत होतो, कारण एका कामाखेरीज तो तोंड उघडणार नाही याची खात्री होती. विश्वास बसतो तो अशाच वस्तूवर, आणि माणसावरही.

तेव्हा आमचे मत असे झाले आहे. हाक फोनमधून काढता येत नाही आणि काढूही नये. तीत आपली माणसे आहेत. शब्द मात्र काढता येतो. जे आपण दुसऱ्याला कबूल केले आहे, ते हाकांच्या गर्दीत ठेवू नये. त्याला वेगळी जागा द्यावी. पूर्वी ती जागा यंत्र बनवणाऱ्यांनी आयती दिली होती, कारण त्यांना दोन्ही एकत्र करता येत नव्हते. आता ती आपली आपण करावी लागेल. पूर्वी जे फुकट मिळत होते ते आता कष्टाने मिळवायचे, एवढाच काय तो फरक. पण त्यात हयगय झाली तर कुणीतरी मान मागे टाकून आपली वाट पाहत बसते.

आम्ही नवा ऑर्गनायझर शोधायला गेलो नाही. स्वयंपाकघरात एक कागदी डायरी आणि किल्लीचे गजराचे घड्याळ ठेवले आहे. नंबर, पत्ते, फोटो फोनमध्येच आहेत. तिथे ते सुखरूप आहेत. डायरीत फक्त कबूल केलेल्या गोष्टी लिहितो. ती पाहिली की आधी थोडी लाज वाटली, कारण आम्ही किती थोडे कबूल करतो ते तीत दिसले. फोनमध्ये दिवस कसा भरगच्च वाटे! डायरीत आठवड्याच्या चार ओळीसुद्धा होत नव्हत्या. आता सहा-सात होतात. मावशींचे थेंब केव्हाच संपले. मंगळवारी चार वाजता त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जातो, ती त्यातलीच एक ओळ. फोन घरीच राहतो. बहिणीला ते सांगून ठेवले आहे.

तो रिकामा ऑर्गनायझर आम्ही टाकला नाही. नातवाला खेळायला दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला, चारही बटणे दाबली आणि विचारले, "सावता, यावर फोन कसा येतो?"

"येत नाही," आम्ही म्हटले.

"मग हा कशाला होता?"

त्याला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख लिहायला बसलो.