बादली कोणी भरायची?

कल्याणला एक गृहस्थ राहतात. नोकरी चांगली, गाडी नवी आणि सरकारवरचा राग जुना. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी ठरवलं की घरच्यांना माळशेज घाट दाखवायचा, पुढे जुन्नरवरून नाणेघाट करायचा आणि रात्री मुक्कामाला घरी यायचं. गाडीत ते स्वतः, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई.

निघताना चहा झाला. गृहस्थांनी दोन कप घेतले. आजींनी कप नुसता ओठांना लावला आणि खाली ठेवला. सूनबाईंनी घेतलाच नाही.

"पाण्याच्या बाटल्या घेतल्यास ना?" गृहस्थांनी विचारलं.

"घेतल्यात. तुमच्यासाठी."

या उत्तराचा अर्थ त्यांनी विचारला नाही. विचारायचं सुचलंही नसेल. आपल्याकडच्या कितीतरी घरांत लांबच्या प्रवासाला निघालेल्या बायका सकाळपासून घोटभरच पाणी पितात आणि पुरुषांच्या ते लक्षातही येत नाही. पाणी कमी प्यायलं आणि लघवी रोखून धरली की मूत्रमार्गाची दुखणी लागतात, हे डॉक्टर सांगतात आणि बायकांनाही पाठ असतं. पण घाटात जायचं कुठे, हे कोणताच डॉक्टर सांगत नाही.

मुरबाड मागे पडलं, टोकावडे गेलं. वैशाखऱ्याच्या पुढे सह्याद्रीची भिंत ढगात शिरलेली दिसू लागली. भातखाचरं हिरवीगार, कड्यावरून पाण्याच्या रेघा उतरताहेत, काही तर थेट रस्त्यावर कोसळताहेत. वर्णन करावं असंच ते सगळं होतं आणि गाडीतली चिमुरडी ते मोठ्या उत्साहाने करतही होती. आजी मात्र गप्प होत्या. त्यांना मधुमेह. पाणी पिवो न पिवो, दर दीड-दोन तासांनी उठावंच लागतं.

गृहस्थांचा स्वतःचा प्रश्न एका वळणावर सुटला होता. तिथे आधीच चार-पाच गाड्या थांबलेल्या होत्या आणि मंडळी दरीकडे तोंड करून ओळीने उभी होती. ते परत येऊन बसले, काच वर केली आणि म्हणाले, "काय हवा आहे!"

बोगद्याजवळ जत्राच भरली होती. धबधब्याखाली भिजणारी टोळकी, गाडीच्या टपावर चढलेली पोरं, वडापावच्या गाड्या, माकडं आणि या सगळ्यांना आवरता आवरता दमलेले दोन पोलीस. पुढे एका ठिकाणी आजींना पाटी दिसली. बाणाखाली ठळक अक्षरांत 'प्रसाधनगृह' लिहिलेलं. सासू-सुना छत्री घेऊन उतरल्या.

इमारत देखणी होती. बाहेरून लाल जांभ्यासारखा रंग, स्त्री-पुरुषांची चित्रं, उतारावर कठडा. दर्शनी भिंतीत काळ्या दगडाची कोनशिला आणि तिच्यावर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती अशी नावांची रांग. दाराला कुलूप होतं. कुलपालाही गंज चढलेला. मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती, तिच्यातून निघालेला नळ भिंतीपर्यंत आला होता आणि तिथेच संपला होता. आजींनी कोनशिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्या जुन्या शिक्षिका. लिहिलेलं दिसलं की वाचायची सवय. मग म्हणाल्या, "एवढ्या नावांत चावी कोणाकडे आहे ते तेवढं लिहायचं राहिलं."

गृहस्थ भडकले. आपण गाडी घेताना रोड टॅक्स भरला, दरवर्षी आयकर भरतो, आणि आईला ही दशा! परदेशात कसं असतं हे त्यांनी पुढचे पाच किलोमीटर सांगितलं. त्यांचं चुकत होतं असं नाही. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती आणि २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना त्याबाबत स्पष्ट आदेशही दिले. शहरांत त्याचं किती झालं हा वेगळा विषय. घाटाला तर महापालिकाच नसते.

पुढे एका हॉटेलात 'शौचालय फक्त ग्राहकांसाठी' अशी पाटी होती. म्हणून चार मिसळी मागवल्या. शौचालयाला आतून कडी नव्हती, आत पाणी नव्हतं, आणि पायरी इतकी उंच की गुडघे दुखणाऱ्या माणसाने चढावं कशाला धरून? आजी दारातूनच परत फिरल्या. मिसळीही तशाच राहिल्या. त्यानंतरच्या पेट्रोलपंपावर चावी मॅनेजरकडे होती आणि मॅनेजर ओतूरला गेले होते.

घाटमाथा आला. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी चमकू लागलं, पण आता गाडीत कोणी बाहेर बघत नव्हतं. आजींनी डोळे मिटून घेतले होते. मढच्या अलीकडे की पलीकडे, रस्त्याला लागून एक कौलारू घर दिसलं. समोर ताडपत्रीखाली शेगडी, शेगडीवर मक्याची कणसं, आणि एक म्हातारी पुठ्ठ्याने वारा घालत बसलेली. तिच्या ताडपत्रीसमोर तीन गाड्या उभ्या होत्या. सूनबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि संकोचत विचारलं, "मावशी, आमच्या आईंना जरा..."

"मागच्या अंगानं जा. कडी आतून लागती. भिंतीला बांबू ठोकलाय, त्याला धरून बसा म्हणावं," मावशी कणसावरची नजर न काढता म्हणाल्या.

घरामागे छोटी विटांची खोली होती. पत्र्याचं दार, आतली फरशी घासलेली, कोपऱ्यात भरलेली बादली आणि मग. भिंतीला खरोखरच एक बांबू आडवा ठोकलेला. सरकारी योजनेत घरोघरी शौचालयासाठी जे १२,००० रुपये मिळाले, त्यातलंच ते बांधकाम. बांबू मात्र मावशींच्या नवऱ्याने पाय अधू झाल्यावर स्वतःसाठी बसवलेला. नवरा गेला; बांबू राहिला.

आजी बाहेर आल्या त्या पंधरा वर्षांनी तरुण होऊन. त्यांनी शेगडीजवळच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सगळं प्यायल्या. मग सूनबाई, मग मुलगी गेली. सगळ्यात शेवटी, आलोच आहोत तर म्हणून, गृहस्थ गेले. आत त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, चिखलाचे बूट धुतले, ऐसपैस पाणी वापरलं आणि रुमालाने तोंड पुसत बाहेर आले. कणीस हातात घेऊन त्यांनी मघाचा विषय पुन्हा काढला. व्यवस्था कशी सडली आहे, कोणालाच कशाची कशी पडलेली नाही, वगैरे.

तेवढ्यात एक जीप थांबली. तीतून एक गरोदर बाई उतरली, घाईघाईने मागे गेली आणि तशीच परत आली.

"मावशी, बादलीत पाणी नाही."

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. हापसा रस्त्याच्या पलीकडे. धो धो पाऊस पडणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तेव्हा इथे पाण्याची किंमत कोणाला सांगायची गरज नसते. त्या बादली घेऊन निघाल्या तशी आजींनी लेकाकडे पाहिलं. काहीच बोलल्या नाहीत. जुन्या शिक्षिकेचं ते पाहणं होतं. वर्गात खडू कोणी फेकला हे ठाऊक असून नाव न घेता पाहतात, तसं.

गृहस्थांनी चटकन पाकीट काढलं. शंभराची नोट पुढे केली. "मावशी, हे ठेवा. चौघांचे."

"कणसाचे द्या. त्याचे न्हाई घेत मी."

"अहो, घ्या हो. तुम्ही एवढी सोय करता."

"पैशानं बादली भरती व्हय?" मावशी हसल्या. "म्या दिवसभर शेगडीम्होरं बसू का पाणी भरू? इथली एकच रीत हाये. जो वापरतो त्यो भरून ठेवतो. मागून येणाऱ्याला मिळालं म्हंजी झालं. तुमच्याआधी येक पोरगी आली व्हती, तिनं भरली व्हती, तीच तुमच्या आईला मिळाली."

गृहस्थांचं कणीस तोंडापाशीच थांबलं. मग त्यांनी ते मुलीच्या हातात दिलं, मावशींच्या हातून बादली घेतली आणि पावसात रस्ता ओलांडला. हापश्याचा दांडा जड होता. दोन-चार हेलकाव्यांनंतर पाणी आलं. पहिली बादली गरोदर बाईसाठी गेली, दुसरी त्यांनी भरून कोपऱ्यात ठेवली. शर्ट पार भिजला. सकाळपासून त्या गाडीत कोणी काही कामाचं केलं असेल तर ते हेच, असं मला वाटतं.

मावशींनी कणसाचे साठ रुपये घेतले आणि सुटे मोजून परत दिले. समोरच्या तिन्ही गाड्या जाऊन आता तिथे पाच उभ्या होत्या. कणीस सगळेच घेत होते. मागे काय सोय आहे हे एका गाडीने दुसरीला सांगितल्याशिवाय एवढी गर्दी त्या आडबाजूच्या ताडपत्रीशी जमली नसती, आणि मिसळीच्या हॉटेलात निम्मी टेबलं का रिकामी होती हेही कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी ते जुन्नर, आपटाळे, चावंड करत घाटघरहून नाणेघाटाच्या तोंडाशी पोचले. एका बाजूला जीवधन, समोर कोकणात उतरणारी नाळ, तळाशी सकाळी जिथून गेले ते वैशाखरे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वाटेवरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणा म्हणून गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण किती दिले, ते सगळं त्यात नोंदलेलं.

आजी वर रांजणापाशी बसल्या. अखंड दगडातला भलामोठा रांजण. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी यात टाकायची, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. मुलगी खाली जाऊन आली आणि तिने कातळात खोदलेली पाण्याची टाकी मोजायला सुरुवात केली.

"बाबा, ही कोणासाठी?"

"वाटसरूंसाठी. घाट चढून आलेल्या माणसांसाठी आणि बैलांसाठी."

"म्हणजे इथे पैसे घ्यायचे आणि इथेच पाणी द्यायचं?"

"हो."

"मग बरं होतं. पाणी नसलं तर तिथेच भांडता येत असेल."

सोमवारी गृहस्थांनी त्या कुलूपबंद प्रसाधनगृहाबद्दल अर्ज लिहिला. पूर्वी ते अशा वेळी फक्त फोटो काढून मित्रांना पाठवत. अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात गेला, पाठोपाठ तेही गेले. तिथे त्यांना कळलं की रस्ता एका खात्याचा, डोंगर दुसऱ्या खात्याचा आणि इमारत तिसऱ्याच निधीतली. बांधायला पैसे एकदा मंजूर होतात. झाडणाऱ्याचा पगार, नळाचं पाणी, फुटलेला दिवा हे दर महिन्याचे खर्च, आणि ते कोणाच्याच खात्यात मांडलेले नाहीत. ठेकेदाराने काम पूर्ण केलं, बिल निघालं, उद्घाटन झालं. इमारत ताब्यात घेतली ती कोणीच नाही, कारण जो ताब्यात घेईल त्याला झाडू मारावा लागेल. घेणारा आणि देणारा एका रांजणापाशी बसत नाहीत. पोरगी जे बोलली ते कार्यालयातल्या बाकावर बसून तिच्या बापाला समजलं.

गृहस्थ अजून हेलपाटे घालतात. त्यांची मागणी आता नव्या इमारतीची नाही. आहे तिथेच पाण्याची जोडणी, गावातल्या एखाद्या बचत गटाला महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर देखभाल, आणि कोनशिलेखाली चावी सांभाळणाऱ्याचा फोन नंबर, एवढंच ते मागतात. शेवटच्या भेटीत साहेबांनी प्रस्ताव चांगला असल्याचं सांगितलं. कुलूप अजून तसंच आहे.

तेव्हा या पावसाळ्यात माळशेजला जाणार असाल तर एक अर्ज तुम्हीही करा. एकाच्या अर्जाने फाईल हलत नाही. घाटमाथ्यावर कणसाच्या शेगडीसमोर गाड्यांची रांग दिसली तर थांबा, आईला आणि बायकोला घरून पोटभर पाणी पिऊन निघायला सांगा, आणि निघण्याआधी बादली भरून ठेवा. हापसा रस्त्याच्या पलीकडे आहे. दांडा जड आहे, दोघांनी मारा.